काढलेला एसी कंप्रेसर घेण्याआधी पहिला का मेला ते शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे, की २०१४ ची डिझायर डिझेल, एसीचं बटण दाबलं की बेल्ट किंचाळतो, रबर जळल्याचा वास येतो, बटण बंद केलं की सगळं शांत. गॅरेजवाल्यांनी कंप्रेसर जाम सांगितलाय, शोरूमचा नव्याचा आकडा झेपणारा नाही, आणि ओळखीतला एक जण कुर्ल्याहून स्विफ्टचा काढलेला कंप्रेसर आणून देतो म्हणतोय. घ्यावा का, बसेल का, टिकेल का.

दादा, घ्यायला हरकत नाही. मी कार एसीचंच काम करतो, पुण्यात, जुने कंप्रेसर बसवतो पण आणि नको म्हणून परत पण पाठवतो. माझ्याकडे जे जुने कंप्रेसर बसवून महिन्याभरात परत जाम होऊन आले त्यातले बहुतेक मुळात चांगले होते, आधीच्या कंप्रेसरचा भुगा पाइपात तसाच ठेवून त्यावर दुसरा चढवला होता, मग तो कसा टिकणार. लोक दुकानात जाऊन घासाघीस करतात, दोन हजार कमी करून आणतात आणि सिस्टीम साफ करायला पैसे नाहीत म्हणतात. जुन्या कंप्रेसरमध्ये जे पैसे वाचतात त्यातले निम्मे साफसफाईला लावायची तयारी असेल तरच या भानगडीत पडा, हे मी पहिलंच सांगतो.

आता तुमचा कंप्रेसर खरंच जाम आहे का ते स्वतः समोर उभं राहून बघा. इंजिन बंद, किल्ली काढलेली, आणि कंप्रेसरच्या तोंडावर जी मधली प्लेट असते ना, पुली नाही, पुलीच्या पुढची प्लेट, ती हाताने फिरवायची, हात पोचत नसेल तर मधल्या नटला पाना लावून. जराही हलली नाही तर जाम. थोडा जोर लावून एकसारखी फिरली तर कंप्रेसर जाम नाही, मग लोचा दुसरीकडे आहे. पुलीचं बेरिंग गेलं तरी घरघर होते आणि बेल्ट जळतो, पण ते एसी बंद असताना पण होतं, हा फरक ध्यानात ठेवा. ते बेरिंग ३५-५०-२० नाहीतर ३५-५५-२० असल्या साइजचं असतं, गाडीप्रमाणे बदलतं, आणि बेरिंगच्या दुकानात सुटं मिळतं. क्लच म्हणजे बटण दाबल्यावर ती प्लेट पुलीला चुंबकाने धरणारा भाग, त्याची कॉइल गेली असेल तर मल्टिमीटर लावा, १२ व्होल्टच्या कॉइलला साधारण ३ ते ५ ओहम दाखवायला पाहिजे, काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटलेली. ती पण सुटी मिळते. नुसत्या बेरिंगसाठी आणि कॉइलसाठी अख्खा कंप्रेसर बदललेली गाडी मी बघितलीय, मालकाला कोणी सांगितलंच नाही की हे वेगळं मिळतं. तुमच्या केसमध्ये बटण बंद केल्यावर शांत होतंय म्हणजे बेरिंगपेक्षा आतलाच माल धरलेला असणार असं वाटतं, तरी प्लेट फिरवून बघाच.

ज्यांचा जाम नाही पण कुलिंग नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट. गेज लावल्याशिवाय कंप्रेसर कमजोर आहे असं कोणी म्हणत असेल तर ऐकू नका. आपल्याकडच्या उन्हात इंजिन १५०० आरपीएमवर धरलं की १३४ए गॅसच्या गाडीत लो साइड, म्हणजे कंप्रेसरकडे परत येणारी बाजू, साधारण ३० ते ४० पीएसआय आणि हाय साइड, म्हणजे कंप्रेसर दाबून बाहेर सोडतो ती बाजू, २०० ते २५०, कधी थोडी वर, अशी दिसते. लो ७०-८० वर अडकलीय आणि हाय जेमतेम १३०-१४०, गॅस पुरेसा आहे, तर मग कंप्रेसर दाबत नाहीये असं म्हणता येतं. आणि इंजिन बंद असताना दोन्ही काटे सारखे यायला पाहिजेत, ३० डिग्रीला ९७ च्या आसपास, ३५ ला ११४ च्या आसपास. यापेक्षा बरेच खाली असतील तर सिस्टीममध्ये गॅसच नाहीये, आधी लीक शोधा.

बरं, जाम आहे हे नक्की झालं. आता तो का झाला? हे शोधल्याशिवाय कुर्ल्याला फोन करू नका. उरलेला गॅस मशीनने काढून घ्यायला सांगा, मग हाय साइडचा होज कंप्रेसरपासून सोडवा, आणि आत बोट फिरवून ते पांढऱ्या कागदावर पुसा. ऑइल फिकट पिवळं, पारदर्शक निघालं पण अगदी थोडं, तर कुठेतरी जुना लीक आहे, गॅसबरोबर ऑइल निघून गेलं आणि कंप्रेसर कोरडा चालून धरला. गॅस टाकून टाकून चालवलेल्या गाड्यांचं हेच होतं, दर उन्हाळ्याला गॅस भरला पण ऑइल कोणी मोजलंच नाही. ऑइल तपकिरी आणि जळका वास मारतंय तर कंप्रेसर तापून गेलाय, मग कंडेन्सरचा (रेडिएटरच्या पुढची जाळी, जिथे गॅस गार होतो) फॅन, फॅनचा रिले, कंडेन्सरवर बसलेला कचरा हे बघायचं. विदर्भातल्या गाड्यांमध्ये हे जास्त, बाहेर ४५-४६ डिग्री आणि त्यात फॅन स्लो, हाय साइड ३५० च्या वर जाते आणि कंप्रेसर मरतो. आणि तिसरा प्रकार म्हणजे कागदावर डोळ्यातल्या काजळासारखा पातळ काळा लेप उमटतो आणि कागद उन्हात तिरका धरला की त्यात बारीक चमक दिसते. ती चमक ॲल्युमिनियमची. हा सगळ्यात वाईट, कारण तो भुगा आता फक्त कंप्रेसरमध्ये राहिलेला नाही, कंडेन्सरपर्यंत पोचलाय, कदाचित एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या, म्हणजे कुलिंग कॉइलच्या आधी गॅस बारीक भोकातून सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या, तोंडाशी पण जमलाय.

आता मॅचिंगचं. "स्विफ्टचा काढलेला" हे वाक्य कंप्रेसरच्या बाबतीत काहीच सांगत नाही. तुमचं जे १३०० सीसी डिझेल इंजिन आहे ते फियाटचं मल्टीजेट, तेच इंजिन स्विफ्ट, रिट्झ, डिझायर, अर्टिगा, सियाझ मध्ये पण आणि तिकडे टाटाच्या व्हिस्टा, मांझा आणि फियाटच्या पुंटो, लिनिया मध्ये पण. इंजिन एक म्हणून कंप्रेसर एक असं लोक धरून चालतात. तसं नसतं. प्रत्येक कंपनी आपापल्या व्हेंडरचा, म्हणजे पार्ट बनवून देणाऱ्या कंपनीचा, कंप्रेसर लावते, ब्रॅकेट वेगळं, होजचं तोंड वेगळं, एसीचं कंट्रोल वेगळं, आणि एकाच मॉडेलमध्ये मधेच वर्ष बदललं की कंप्रेसर बदललेला असू शकतो. त्यामुळे गाडीचं नाव सोडा, लेबल वाचा.

लेबल कंप्रेसरच्या पोटावर चिकटवलेलं असतं, ऑइलने आणि चिखलाने माखलेलं, कपड्याने हळू पुसायचं, स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका. त्यावर बनवणाऱ्याचं नाव, मॉडेल, पार्ट नंबर, गॅसचं नाव आणि बऱ्याचदा ऑइलचं नाव असतं. डेन्सोच्या १०एस१५सी मध्ये पहिला १० म्हणजे दहा सिलिंडर आणि १५ म्हणजे साधारण १५० सीसी. सँडेनच्या एसडी७एच१५ मध्ये ७ पिस्टन आणि साधारण १५५ सीसी. मारुतीत बऱ्याच ठिकाणी सुब्रोसचा माल असतो, ह्युंदाईत हॅनॉनचा, जुन्यावर हॅला नाहीतर एचव्हीसीसी लिहिलेलं दिसेल, कंपनी तीच, नाव २०१५ मध्ये बदललं. तुमच्या जुन्या कंप्रेसरच्या लेबलचा स्वच्छ फोटो काढा आणि विकणाऱ्याकडून त्याच्या कंप्रेसरच्या लेबलचा फोटो मागवा. पार्ट नंबर अक्षर न अक्षर जुळला तर अर्धं काम झालं. लेबलच नाही, फाडलंय, घासलंय असा माल असेल तर मी घेत नाही, तुम्ही पण घेऊ नका.

नंबर थोडा वेगळा आहे पण दुकानदार म्हणतोय चालतो, तेव्हा काय काय ताडून बघायचं ते सांगतो. कान किती आणि कुठे, म्हणजे बोल्ट जिथून जातात ते, तीन की चार, आणि भोकांमधलं अंतर टेपने नाही, कॅलिपरने मोजायचं, २ मिलिमीटरचा फरक पण ब्रॅकेटला चालत नाही. मग पुली, खाचा चार, पाच की सहा, आणि पुलीचा बाहेरचा घेर, कारण घेर बदलला की बेल्ट पुरत नाही नाहीतर सैल पडतो आणि कंप्रेसरचा स्पीड पण बदलतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मागच्या कानापासून पुलीच्या पहिल्या खाचेपर्यंतचं अंतर, हे बघायचं कोणाच्या डोक्यात येत नाही, आणि मग बेल्ट तिरका चालून एका बाजूने झिजतो. कानात पातळ वॉशर टाकून हे जुळवणारे लोक आहेत, करू देऊ नका, कान तडकतो. पुढे होजची तोंडं, मागे आहेत की वर आहेत, होज जिथे टेकतो त्या सपाट पॅडचा बोल्ट कुठल्या बाजूला. होज पाइप वाकवून बसवला तर कंप्रेसरच्या हादऱ्याने सहा महिन्यांत क्रिम्पपाशी, म्हणजे रबरी होज धातूच्या नळीवर दाबून बसवलेला असतो तिथे, लीक होतो. आणि कनेक्टर, एक पिन, दोन पिन की तीन. काही कंप्रेसरमध्ये आत स्पीड सेन्सर असतो, कंप्रेसर अडकला तर ईसीयूला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला, कळावं म्हणून, तो नसलेला कंप्रेसर लावला तर ईसीयू दोन-चार सेकंदात क्लच सोडून देतो, गॅस ठीक, वायर ठीक, पण एसी लागत नाही, आणि सगळे मग रिले बदलत बसतात.

यात सगळ्यात जास्त लोक फसतात ते फिक्स्ड आणि व्हेरिएबल मध्ये. फिक्स्ड कंप्रेसर म्हणजे क्लच लागला की पूर्ण ताकदीने चालणार, कुलिंग कॉइल थंड झाली की सेन्सर सांगतो, क्लच सुटतो, टक, परत लागतो. व्हेरिएबल मध्ये आतल्या तिरक्या प्लेटचा कोन बदलतो आणि पिस्टनचा स्ट्रोक कमी-जास्त होतो. त्यात पण दोन जाती, एक आपोआप आतल्या प्रेशरवर बदलणारी, दुसरी ईसीयूच्या सिग्नलवर चालणारी, हिच्या मागच्या टोपीत एक सोलेनॉइड व्हॉल्व्ह असतो. डेन्सोमध्ये ६एसईयू, ७एसबीयू असं मधे यू असलेले बहुतेक या दुसऱ्या जातीचे. यातल्या बऱ्याच कंप्रेसरना क्लचच नसतो, पुली फिरली की शाफ्ट फिरतोच, फक्त स्ट्रोक जवळजवळ शून्यावर असतो. आता असा कंप्रेसर साध्या फिक्स्डच्या गाडीत लावला तर गाडी त्याला सिग्नलच देत नाही, तो कमीत कमी स्ट्रोकवर फिरत राहतो, कुलिंग शून्य, आणि दुकानदाराला शिव्या बसतात की खराब माल दिला. उलटं केलं, व्हेरिएबलच्या गाडीत फिक्स्ड लावला, तर त्याला थांबवणारं कोणी नाही, कुलिंग कॉइलवर बर्फ धरतो, थोड्या वेळाने व्हेंटमधून हवाच येत नाही. तेव्हा ही जात बदलायची नाही, कोणी कितीही सांगितलं तरी.

मागे तिसऱ्या रांगेची सीट असलेल्या काही गाड्यांना ड्युअल एसी असतो, म्हणजे मागच्यांसाठी वेगळी कुलिंग कॉइल, इनोव्हा, काही अर्टिगा, त्यांचा कंप्रेसर आणि ऑइलचं माप दोन्ही वेगळं असू शकतं. आणि ट्रकचा २४ व्होल्टचा क्लच गाडीला लावू नका, लागला तरी ढिला धरतो, घसरतो, जळतो.

आता बाजार. मुंबईत कुर्ला, इकडे पुण्यात जुना बाजार, दिल्लीत मायापुरी, चेन्नईत पुदुपेट, सगळीकडे काढलेला माल येतो. ॲक्सिडेंटच्या गाड्या, इन्शुरन्सने टोटल लॉस केलेल्या, वय झालेल्या. यातली पुढून ठोकलेली गाडी असेल तर कंप्रेसर बारकाईने बघा, कारण तो इंजिनच्या खालच्या-पुढच्या बाजूला असतो, कानाला केसासारखी चीर असते आणि ती ऑइलमध्ये दिसत नाही, पेट्रोलने पुसून, वाळवून, मग उजेडात बघायची. मागून ठोकलेल्या गाडीचा कंप्रेसर मिळाला तर चांगला, ती गाडी शेवटच्या दिवसापर्यंत एसी लावून चाललेली असते. पुरात बुडालेल्या गाड्यांचा माल पण फिरत असतो, २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला, २०२१ मध्ये चिपळूणला कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. बंद कंप्रेसरच्या आत लगेच पाणी जात नाही पण पुलीचं बेरिंग आणि कॉइल गाळात गेलेली असते, क्लचची प्लेट आणि पुली यांच्या फटीत वाळलेली माती दिसली, कनेक्टरच्या पिना हिरव्या पडलेल्या दिसल्या तर समजून जा.

काउंटरवर माल हातात आला की पहिलं बघायचं तोंडं बंद आहेत का. रबरी बूच, प्लास्टिकची टोपी, काहीतरी घट्ट लावलेलं पाहिजे. एसीचं पीएजी ऑइल हवेतलं पाणी ओढतं, पावसाळ्यात मुंबईच्या हवेत उघडा पडलेला कंप्रेसर आतून गंजायला लागतो, बाहेरून कितीही चकचकीत असो. सिल्व्हर रंग मारलेला कंप्रेसर मला तर जास्त संशयाचा वाटतो, रंग कशावर मारलाय ते दिसत नाही. बूच काढल्यावर हलकासा फुस्स आवाज आला तर फार छान, म्हणजे आत प्रेशर टिकून होतं, शाफ्टचं सील चांगलं आहे.

मग मधली प्लेट हाताने फिरवायची, पूर्ण गोल, सावकाश. जोर एकसारखा लागला पाहिजे. एका जागी अडकतंय, खरखर जाणवतेय, किंवा अगदीच पंख्यासारखी मोकळी फिरतेय, दोन्ही वाईट. पिस्टनच्या फिक्स्ड कंप्रेसरला फिरवताना हाय साइडच्या तोंडावर अंगठा दाबून धरला तर हवेचा दाब अंगठ्याला कळतो आणि सक्शनच्या तोंडाला ओढ कळते. व्हेरिएबलमध्ये हा दाब फार कमी जाणवतो कारण तो कमी स्ट्रोकवर असतो, तिथे यावरून नापास करू नका. शाफ्ट वर-खाली हलवून बघा, खेळ नको. मग कंप्रेसर उलटा करून ऑइल एका स्वच्छ कपात काढा आणि तीच कागदाची टेस्ट. दुकानदार ऑइल काढू देत नसेल तर दुसरं दुकान बघा. ऑइल निघालंच नाही, ठणठणीत कोरडा, हे पण चांगलं लक्षण नाही. कॉइलला बॅटरीच्या दोन वायरी लावल्या की टक्क असा दणदणीत आवाज आला पाहिजे, आणि सोडल्यावर प्लेट लगेच सुटली पाहिजे. प्लेट आणि पुलीमधली फट फीलर गेजने बघा, साधारण अर्धा मिलिमीटर, एकच्या पुढे गेली असेल तर क्लच झिजलाय, गरम झाल्यावर तो धरणार नाही. चांगल्या दुकानात तोंडाला प्लेट लावून आत हवा भरून पाण्याच्या बादलीत बुडवून दाखवतात, शाफ्टच्या तोंडाशी बुडबुडे आले की सील गेलं. ही टेस्ट मागून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.

बिल घ्या. बिलावर मॉडेल नंबर लिहून घ्या, आणि जमलं तर ज्या गाडीतून काढला तिचा तपशील पण. चोरीच्या गाडीचा माल निघाला तर घेणाऱ्याच्या मागे पण लफडं लागतं. २०२१ च्या नियमांनुसार आता सरकारी नोंदणी असलेली वाहन भंगार केंद्रं पण निघालीत, तिथला माल कागदासकट येतो. आणि वॉरंटी काय ते तोंडी नको, बऱ्याच ठिकाणी फक्त टेस्टिंग वॉरंटी असते, म्हणजे लावून बघा, नाही चालला तर आणा, पण उघडलेला चालणार नाही. यात एक मेख आहे, कंप्रेसर परत होईल पण गॅस आणि मजुरी परत होत नाही. म्हणून मेकॅनिकशी आधीच बोलून ठेवा, तुम्ही आणलेला पार्ट फेल गेला तर परत काढण्या-घालण्याचे किती, कारण आम्ही लोक गिऱ्हाइकाने आणलेल्या जुन्या पार्टची जबाबदारी घेत नाही आणि ते बरोबर पण आहे.

किमतीचं माझं गणित असं आहे. शोरूमच्या बॉक्समधला नवा आणि तोच मूळ व्हेंडरच्या बॉक्समधला नवा यांच्या किमतीत बऱ्याचदा चांगला फरक असतो. तेव्हा जुना घ्यायच्या आधी नाना पेठेत नाहीतर तुमच्या गावातल्या एसी स्पेअर्सच्या दुकानात पार्ट नंबर दाखवून व्हेंडरच्या बॉक्सचा भाव विचारा. जुन्याचा भाव त्याच्या निम्म्यावर जात असेल तर मी नवाच लावतो. तिसऱ्या हिश्श्यात मिळत असेल, लेबल जुळतंय, ऑइल स्वच्छ आहे, तर जुना. आणि बिननावाच्या डब्यातला स्वस्त नवा घेण्यापेक्षा मला ओरिजिनल जुना केव्हाही बरा वाटतो. रिबिल्ट म्हणून जे मिळतात त्यात कोणी नुसतं सील आणि बेरिंग बदलतो, कोणी आतून खरंच मोजून काम करतो, करणारा माणूस ओळखीचा असेल तरच घ्या.

आता बसवणं, आणि इथे कंजूषी करायची नाही. ड्रायर बदलायचाच, प्रत्येक वेळी. त्याच्यातले दाणे पाणी शोषतात, सिस्टीम उघडी राहिली की ते भरून जातात. बऱ्याच नव्या गाड्यांत ड्रायर कंडेन्सरच्याच बाजूला नळीत असतो, कुठे कार्ट्रिज सुटं मिळतं, कुठे अख्खा कंडेन्सर घ्यावा लागतो. कागदावर चमक आली होती ती केस असेल तर कंडेन्सर बदला, धुवायच्या नादी लागू नका, हल्लीच्या कंडेन्सरमध्ये नळ्या इतक्या बारीक आणि शेजारी शेजारी असतात की फ्लशिंगचं लिक्विड मोकळ्या नळीतून निघून जातं आणि तुंबलेली तशीच राहते. एक्सपान्शन व्हॉल्व्ह पण नवा. होज आणि कुलिंग कॉइल मात्र धुता येते, फ्लशिंगच्या लिक्विडने, मग नायट्रोजनने पूर्ण वाळेपर्यंत. पेट्रोल, थिनर, डिझेलने पाइप धुणारे आहेत, त्यांना हात लावू देऊ नका, मागे राहिलेला अंश रबर खातो आणि ऑइल बिघडवतो. सक्शनच्या तोंडात बसवायची बारीक जाळी मिळते, भुग्याच्या केसमध्ये मी ती टाकतोच. ओ रिंग सगळ्या नव्या, १३४ए साठीच्या, आणि त्यांना तेच एसीचं ऑइल लावून बसवायच्या, ग्रीस नाही.

ऑइलचं माप हे सगळ्यात दुर्लक्षित. जुन्या कंप्रेसरमधलं पूर्ण काढून टाकायचं, गाडीच्या कंपनीने सांगितलेलं नवं ऑइल मोजून घालायचं, पीएजी ४६ की १०० ते लेबलवर नाहीतर बॉनेटखालच्या स्टिकरवर नाहीतर मॅन्युअलमध्ये असतं. सगळी सिस्टीम धुतली असेल तर पूर्ण सिस्टीमचं माप लागतं, धुतली नसेल तर जेवढं बदललेल्या पार्टमधून निघालं तेवढंच. अंदाजाने धार सोडू नका. कमी पडलं तर कंप्रेसर जातो, जास्त झालं तर कुलिंग जातं. आणि इंजिन चालू करायच्या आधी मधली प्लेट हाताने दहा वेळा पूर्ण फिरवा, म्हणजे सिलिंडरमध्ये साचलेलं ऑइल बाहेर येईल. ऑइल दाबलं जात नाही, थेट इंजिन मारलं तर व्हॉल्व्हची पत्ती तुटू शकते. एवढं सगळं करून शेवटी इथे माती खाल्लेली बघितलीय मी.

लीक टेस्ट नायट्रोजनवर, १५० पीएसआयच्या आसपास, साबणाचा फेस लावून. ऑक्सिजनचा सिलिंडर कोणी आणला तर थांबवा त्याला, ऑइल आणि दाबातला ऑक्सिजन म्हणजे स्फोट. मग व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा आणि ओल ओढून काढायची, अर्धा तास तरी, सिस्टीम बराच काळ उघडी होती तर तासभर. गेजवर मुंबईत २९ इंचांच्या पुढे काटा जातो, पुण्यात २८ च्या आसपासच थांबतो आणि महाबळेश्वरला २५ च्या आसपास, ते उंचीमुळे, पंप खराब म्हणून घाबरू नका. पंप बंद करून काटा जागेवर टिकतो का ते मात्र बघा.

गॅस वजनावर भरायचा, काट्यावर नाही. स्टिकरवर ग्रॅम लिहिलेले असतात. आणि कॅन बघून घ्या, स्वस्त कॅनमध्ये भलतंच काहीतरी भरलेलं असतं. २०११ मध्ये बोटीवरच्या थंड कंटेनरच्या मशिनींमध्ये भेसळीचा गॅस गेला होता, त्यात आर-४० नावाचा दुसराच गॅस होता, तो ॲल्युमिनियमशी रिॲक्शन करतो आणि जे तयार होतं ते हवा लागताच पेटतं, कंप्रेसर फुटून माणसं गेली. आपल्या गाडीचा कंप्रेसर पण ॲल्युमिनियमचाच असतो, तेव्हा शंभर-दोनशे रुपयांसाठी बिननावाचा गॅस नको.

हायब्रिड नाहीतर इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी हे वाचून जुना कंप्रेसर आणायला जाऊ नका. तिथे कंप्रेसरमध्येच हाय व्होल्टेजची मोटर असते, केशरी वायरींची, ऑइल पीओई लागतं, त्यात थोडं पीएजी गेलं तरी इन्सुलेशन बिघडतं आणि गाडी फॉल्ट दाखवते. ते काम त्याची साधनं आणि ट्रेनिंग असलेल्यांचंच.

तर दादा, तुमच्यासाठी क्रम असा. प्लेट फिरवून जाम आहे ते पक्कं करा, होज सोडून कागदाची टेस्ट करा, लेबलचा फोटो काढा. ऑइल स्वच्छ आणि नुसतं कमी निघालं तर आधी लीक शोधून काढा, मग कुर्ल्याचा कंप्रेसर, ड्रायर, ओ रिंग, गॅस यावर काम होईल. काळी चमक निघाली तर कंडेन्सर, ड्रायर आणि एक्सपान्शन व्हॉल्व्हचा खर्च धरून बेरीज करा आणि व्हेंडरच्या नव्या बॉक्सशी ताडून बघा, कदाचित नवाच परवडेल. तुमचा बेल्ट जळलाय, तो पण बदला, आणि टेन्शनरचं बेरिंग फिरवून बघा. बसवल्यावर पंधरा दिवसांनी एकदा गाडी थंड असताना क्लचच्या खालच्या बाजूला बोट लावून बघा, ओलसर तेलकट लागलं तर शाफ्टचं सील झिरपतंय, गॅस संपायची वाट न बघता वॉरंटीत असतानाच तो कंप्रेसर दुकानदाराला परत न्या.